आप्पांना लेखी उत्तर

"मेलेला माणूस पुढच्या भागात दुसऱ्या जगातून परत येतो. तिथे पोरं मरणाची किंमत काय शिकणार?" आप्पांनी हा सवाल टाकला आणि मांडवातल्या पांढऱ्या टोप्यांनी टाळ्या वाजवल्या. विषय होता 'मुलं आणि मोबाइल'. दिवस मिरचीच्या हंगामाचे. नंदुरबारच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळायला पडली की वाराही तिखट होतो, त्यामुळे दर चार वाक्यांनी मांडवात कुणीतरी ठसकत होतं. आप्पा मात्र ठसकले नाहीत. चौतीस वर्षं वर्गात इतिहास शिकवून कमावलेला आवाज आहे तो.

कार्यक्रम संपल्यावर मी त्यांना गाठलं. म्हटलं, आप्पा, सगळंच पटलं नाही. ते चपला शोधत म्हणाले, "भाऊ, यामा शिकाजोगं काय शे? नही पटनं ते लिखी दे."

हे घ्या, लिहून देतो.

सुरुवात एका तक्रारीने करतो. ज्या कार्टूनवरून आप्पा बोलले, त्याचा भाग त्यांनी दहाच मिनिटं पाहिला. हे त्यांनीच माईकवर सांगितलं. नातू मोबाइलवर कार्टून बघत होता, पडद्यावर दोन बॅटमॅन एकमेकांशी भांडत होते, दोघांचा आवाज एक, चेहरा एक, 'हा काय आचरटपणा' म्हणून आप्पा उठले आणि थेट भाषणाची तयारी करायला बसले. बखरीचं एक पान वाचून लढाईवर बोलायचं नाही, अशी ज्यांनी आम्हाला सहावीपासून तंबी दिली, त्यांनी दहा मिनिटांवर निकाल लावला. आम्ही पेपरात असं उत्तर लिहिलं असतं तर लाल शाईचा भोपळा मिळाला असता.

ती दहा मिनिटं नेमकी कुठली, हे मला भाच्यामुळे कळलं. माझी बहीण नवापूरला दिलेली, तिचा मुलगा आठवीत आहे. दोन बॅटमॅनचं नाव काढताच तो म्हणाला, "मामा, ते तर 'अ बेटर वर्ल्ड'!" मालिकेचं नाव 'जस्टिस लीग'. भाग २००३ सालचा, म्हणजे भाच्याच्या जन्माच्याही आधीचा. 'अधिक चांगलं जग' हे नावच मुळात टोमणा आहे, पण तो टोमणा कळायला शेवटपर्यंत बसावं लागतं.

गोष्ट अशी. एका जगात फ्लॅश मारला गेला आहे. फ्लॅश म्हणजे त्या मंडळीतला सगळ्यात चपळ आणि सगळ्यात थट्टेखोर गडी. लेक्स लूथर राष्ट्राध्यक्ष झाला आहे, त्याने जग युद्धाच्या कडेला आणून ठेवलं आहे, आणि सुपरमॅन व्हाइट हाउसमध्ये त्याच्यासमोर उभा आहे. लूथर त्याला डिवचतो. तू मला मारणार नाहीस, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. सुपरमॅन डोळ्यांतल्या आगीने त्याला जागच्या जागी संपवतो. इथे कुठलाही प्रेक्षक टाळी देईल. मीही दिली.

मग दोन वर्षं उलटतात. त्या जगात आता 'जस्टिस लॉर्ड्स'चं राज्य आहे. नावातला 'लॉर्ड्स' ऐका. लीगचे सोबती होते, ते मालक झाले. गुन्हे जवळजवळ नाहीत. जुने खलनायक वेड्यांच्या इस्पितळात आहेत, पण बेड्या नाहीत. प्रत्येकाच्या कपाळावर डागासारखी खूण आहे आणि नजर विझलेली. मेंदूच निकामी केल्यावर माणूस शहाण्यासारखा वागतोच. मग त्यांच्यातल्या बॅटमॅनला शोध लागतो की शेजारी आणखी एक जग आहे. तिथे फ्लॅश जिवंत आहे, लूथरही जिवंत आहे, आणि तिथले सुपरहिरो अजूनही चोर पकडून पोलिसांच्या हवाली करत बसले आहेत. लॉर्ड्सना त्या जगाची कीव येते. लीगच्या मंडळींना कैद करून ते जग सुधारायला निघतात.

आता आप्पांची दहा मिनिटं. दोन बॅटमॅन अंधाऱ्या गुहेत समोरासमोर येतात. लीगचा बॅटमॅन म्हणतो, सत्ता बळकावलीत तुम्ही. लॉर्ड्सचा बॅटमॅन सांगतो, बळकावली. आणि त्या सत्तेतून असं जग उभं केलं, जिथे आठ वर्षांच्या कुठल्याही मुलाचे आईबाप बंदूकवाल्या गुंडाच्या हातून मरणार नाहीत. बॅटमॅन आठ वर्षांचा असताना त्याचे आईबाप असेच मेले होते, हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत असतं. लीगचा बॅटमॅन गप्प होतो. हातातलं शस्त्र खाली टाकतो. हरलो म्हणतो.

आप्पा, तुम्ही इथे उठलात.

पुढे ते दोघे एका गाडीतून जातात. वाटेत रस्त्याकडेला हॉटेल लागतं. एक गिऱ्हाईक बिलावरून कुरबूर करतं आहे, जशी आपल्याकडे स्टॅंडसमोर रोज दहा माणसं करतात. 'दोन भजी प्लेट लावल्या, एकच खाल्ली,' इतपत. शिपाई येतात आणि त्या माणसाला धरून नेतात. गाडीत बसलेला लीगचा बॅटमॅन हे बघतो आणि अगदी थंडपणे म्हणतो की आपल्या आईबाबांना हे जग फार आवडलं असतं, तुझा अभिमानच वाटला असता. दुसरा बॅटमॅन त्यावर वाद घालत नाही. पण थोड्या वेळाने कैद्यांना सोडणारा तोच असतो.

मला सांगा, नागरिकशास्त्राच्या कुठल्या धड्यात हे इतकं नेमकं आलं आहे? आम्हाला तुम्ही लोकशाहीची व्याख्या पाठ करून घेतलीत, ती मला आजही येते. पण सुरक्षिततेचा सौदा कुठे महाग पडतो, हे भजीच्या बिलावर दाखवता येतं, हे मला एका कार्टूनने चाळिशीनंतर शिकवलं. आणि ते दुसऱ्या जगाशिवाय दाखवता आलं नसतं. एकाच जगात गोष्ट ठेवली असती तर 'वाईट सुपरमॅन' म्हणून त्याला बाजूला काढता आलं असतं. इथे समोर उभा राहणारा दुसरा कुणी नाही, तो स्वतःच आहे. तीच आई, तेच दुःख, फक्त एका दुपारी वेगळं वागलेला.

आता मरणाची किंमत. टाळ्यांचं वाक्य तेच होतं, म्हणून त्यावर थांबतो. आप्पांच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं मी म्हणणार नाही. अशा मालिका आणि सिनेमे भरपूर आहेत जिथे एक पात्र मेलं की बाजूच्या जगातून तसंच दुसरं आणून बसवतात. गल्ला बुडू नये म्हणून केलेली ती सोय आहे, आणि पोरांनाही ती कळते. माझा भाचा त्याला 'स्पेअर पार्ट' म्हणतो. पण आप्पांनी उदाहरण या भागाचं दिलं, आणि या भागात नेमकं उलटं आहे. फ्लॅश परत येत नाही. लॉर्ड्सच्या जगात तो शेवटपर्यंत मेलेलाच राहतो. लीगचा जिवंत फ्लॅश त्यांच्या कैदेत आहे, यंत्राला जखडलेला. तो काय करतो, तर आपलं हृदय इतक्या वेगाने धावायला लावतो की यंत्रावर ठोके दिसेनासेच होतात. पहारा करणारा बॅटमॅन ते बघून धावत येतो, कारण त्याने एक फ्लॅश आधीच गमावला आहे आणि दुसरा त्याला गमावायचा नाही. त्या धावण्यात तो सापडतो. दुसऱ्या जगातला जिवंत माणूस समोर असताना स्वतःच्या जगातला मेलेला मित्र किती जड होऊन छातीवर बसतो, हे त्या एका धावण्यात आहे. याहून मरणाची किंमत कशी दाखवायची असते?

आणि सुटका फुकट होत नाही. आपल्या जगातल्या लीगला लॉर्ड्सना हरवायचं तर लूथरचीच मदत घ्यावी लागते. त्या बदल्यात त्याचे सगळे गुन्हे माफ. भाग संपतो तेव्हा लूथर मोकळा आहे आणि राजकारणात यायचं म्हणतो आहे. म्हणजे ज्या वाटेने ते दुसरं जग वाया गेलं, त्या वाटेचं पहिलं पाऊल या जगातही पडलं. हा धागा पुढच्या मालिकेत दोन वर्षांनी पुन्हा येतो, हाच सुपरमॅन त्याच लूथरसमोर उभा राहतो, आणि या वेळी मारत नाही. मुलं तो धागा विसरत नाहीत. आपण पोरांना विसराळू समजतो, कारण त्यांना पावकीचा पाढा येत नाही.

'हे आपल्या मातीतलं नाही' हा आप्पांचा दुसरा आक्षेप. यावर मी वेळ घालवणार नाही, कारण हे सांगताना आप्पा ज्या खुर्चीत बसले होते तीही आपल्या मातीतली नव्हती, प्लॅस्टिकची होती. आणि योगवासिष्ठातली लीलेची गोष्ट सांगून 'आमच्याकडे हे सगळं आधीच होतं' म्हणणाऱ्यांच्या रांगेतही मला बसायचं नाही. होतं, पण म्हणून बॅटमॅन आपला होत नाही आणि त्याने आपलं काही बिघडतही नाही. फक्त एक आठवण करून देतो, कारण ती इतिहासाच्या मास्तरांना टोचावी अशी आहे. मराठीत ही कल्पना घेऊन लिहिलेली सगळ्यात गाजलेली गोष्ट एका खगोलशास्त्रज्ञाची आहे, आणि तिचा नायक इतिहासाचा प्राध्यापक आहे. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत'. गंगाधरपंत गायतोंडे एका अपघातात पलीकडच्या जगात जातात, तिथे १४ जानेवारी १७६१ला विश्वासरावाला गोळी लागलेली नाही, कानाला चाटून गेली आहे, आणि मराठे पानिपत जिंकले आहेत. एनसीईआरटीने ही गोष्ट इंग्रजी रूपात अकरावीच्या 'हॉर्नबिल' पुस्तकात घेतली. ज्या नारळीकरांनी १९७४च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप अशा खोट्या नावाने पाठवली, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून, त्या माणसाला दुसऱ्या 'मी'ची गंमत कळत होती. केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइलबरोबर काम केलेल्या शास्त्रज्ञाला ही कल्पना आचरट वाटली नाही. ह्यू एव्हरेटने १९५७ साली पुंजभौतिकीतून अनेक विश्वांचा अर्थ मांडला, त्यावर भौतिकशास्त्रज्ञ आजही भांडतात. ते भांडण त्यांचं त्यांनी करावं. गोष्ट सांगणाऱ्याला त्यातलं एवढंच पुरतं की गोळी कानाला चाटून जाऊ शकली असती.

गंगाधरपंतांच्या त्या मुंबईच्या वाटेवर एक छोटं स्टेशन लागतं. नाव 'सरहद'. तिथून कंपनीची हद्द सुरू होते म्हणून गाडीत परवाने तपासतात. अकरावीला हे वाचताना पुण्यामुंबईच्या मुलांना ती कल्पनेची भरारी वाटत असेल. आम्हाला वाटत नाही. आमच्याकडे ते स्टेशन आहे.

नवापूरच्या फलाटावर एक बाक आहे. अर्ध्या बाकावर महाराष्ट्र लिहिलंय, अर्ध्यावर गुजरात. मधली रेघ रंगवलेली आहे. सुरत-भुसावळ मार्गावरचं हे स्टेशन १ मे १९६०च्या आधीच तिथे होतं. रेघ नंतर आली आणि स्टेशनाच्या अंगावरून गेली. तिकिटाची खिडकी महाराष्ट्रात पडली, स्टेशनमास्तरची खोली गुजरातेत. घोषणा चार भाषांत होतात, मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी. एका राज्यात जी बाटली परवान्यात बसते ती दुसऱ्या राज्यात गुन्हा आहे. भाच्याने मला 'अ बेटर वर्ल्ड'ची गोष्ट सांगितली ती याच बाकावर, एक मांडी इकडे, एक मांडी तिकडे टाकून. सांगता सांगता लॉर्ड्सचं जग आलं की तो गुजरातच्या बाजूला सरकायचा, लीगचं आलं की आपल्या बाजूला. यात गुजरातचा अपमान शोधू नका, त्याला सावली त्या बाजूला मिळत होती.

आता इतिहासाच्या मास्तरांनीच सांगावं. त्या १ मे रोजी पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा तालुक्यांतली काही गावं गुजरातेत गेली. निझरकडच्या घरांत आजी भिलीत बोलायची, नातू गुजरातीची बाराखडी गिरवू लागला. त्याच्या मावशीचा मुलगा इकडे मराठीची. रेघ चार कोस अलीकडे पडली असती तर हा लेख मी गुजरातीत लिहिला असता आणि आप्पांनी आम्हाला शिवाजी महाराजांच्या आधी सिद्धराज जयसिंह शिकवला असता. हे 'असतं तर' आमच्याकडे कल्पना म्हणून राहत नाही, नात्यागोत्यात बसलेलं असतं. लग्नाच्या पंगतीत आमच्या समोर येऊन बसतं आणि 'केम छो' म्हणतं.

आणि इथेच आप्पांच्या तिसऱ्या, सगळ्यात वजनदार आक्षेपाशी येतो. त्यांच्या मते ही दुसरी जगं म्हणजे पळवाट आहे. पोरांनी या जगाला तोंड द्यायला शिकावं. मला यातला शब्द न् शब्द उलटा वाटतो.

पळवाट कुठली, ते आपल्या जिल्ह्यात विचारा. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, सगळी अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली. मणिबेली पहिलं. तिथलं शूलपाणेश्वराचं देऊळही पाण्याखाली गेलं आणि नवं देऊळ गुजरातेत गोऱ्याला उभं राहिलं. म्हणजे देवालाही दोन पत्ते झाले. माणसं तळोद्याकडच्या वसाहतींत आली. वसाहतीतल्या एका म्हाताऱ्याशी बोलत होतो. तो आपल्या मूळगावाबद्दल सांगत होता आणि त्याचं क्रियापद वर्तमानकाळातच राहिलं. "तिथं आमचा महू आहे. महूच्या खाली वाट आहे." महू नाही, वाट नाही, वर कित्येक पुरुष पाणी आहे, पण त्याच्या बोलण्यात 'होता' आला नाही. त्याच्या डोक्यात दोन गावं एकाच वेळी चालू आहेत. त्याला समांतर विश्व समजावून सांगायची गरज नाही, त्याच्याकडून शिकायची आहे.

या म्हाताऱ्याला आजवर सगळ्यांनी काय सांगितलं? व्हायचं होतं ते झालं. विकास म्हटला की कुणीतरी बुडणारच. नशीब. ही खरी पळवाट. आणि 'असं व्हायलाच हवं होतं का' हा प्रश्न विचारणारी कुठलीही गोष्ट, मग त्यात डोळ्यांतून आग का निघेना, या पळवाटेच्या तोंडावर उभी आहे.

कारण व्हायलाच हवं होतं असं काही नव्हतं. कागद काढून बघा. नर्मदा जलविवाद लवादाचा निवाडा १९७९चा. जागतिक बँकेने कर्ज दिलं, मग स्वतःच मोर्स समिती नेमली, तिचा अहवाल १९९२ला आला, १९९३ला कर्जाचा उरलेला भाग बंद झाला. १८ ऑक्टोबर २०००ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला, तोही एकमताने नाही. दोन न्यायमूर्तींनी बांधकाम पुढे जाऊ दिलं. तिसऱ्या, न्यायमूर्ती भरुचांनी, वेगळा निकाल लिहिला: पर्यावरणाची मंजुरी नीट होईपर्यंत काम थांबवा. आप्पा, अल्पमताचा निकाल म्हणजे दुसरं काय असतं? तो त्या जगाचा निकाल आहे जे एका मताने हुकलं. न्यायालयही तो फाडून टाकत नाही, छापून, शिक्का मारून, त्याच दप्तरात ठेवतं. धरण १३८.६८ मीटरचं झालं. ते बांधायला नको होतं की हवं होतं, हा आजचा वाद नाही, माझ्या ओळखीत दोन्ही बाजूंची माणसं आहेत. वाद एवढाच की मुलाला 'एकच वाट होती' असं शिकवायचं, की 'वाटा होत्या, त्यांतली ही निवडली, निवडणाऱ्यांची नावं ही' असं शिकवायचं. पहिलं शिकवणं खोटं आहे. इतिहासाच्या तासाला तर फारच खोटं.

'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा सिनेमा २०२३च्या जूनमध्ये भारतात दहा भाषांत आला, त्यांत मराठी होती. त्यात मिगेल ओहारा नावाचा पुढारी आहे. सगळ्या विश्वांचा हिशेब त्याच्याकडे. तो सांगतो की प्रत्येक स्पायडर-मॅनच्या आयुष्यात काही घटना ठरलेल्याच असतात, जवळचा माणूस मरणार म्हणजे मरणार, वाचवायला गेलात तर सगळं विश्व कोसळेल. सगळे स्पायडर-मॅन मान डोलावतात. एकटा माइल्स मोरालेस, शाळकरी पोरगा, म्हणतो की मी माझ्या बापाला मरू देणार नाही. मिगेलचं बोलणं ऐकताना मला कोण आठवलं असेल? ज्यांनी ज्यांनी बुडितातल्या माणसाला 'मोठ्या हितासाठी' असं म्हटलं, ते सगळे. आणि मुलं कुणाच्या बाजूने शिट्टी मारतात, ते आप्पांनी एकदा नातवाशेजारी बसून ऐकावं. दोन तास वीस मिनिटं लागतील, दहा नाही.

याच सिनेमाबद्दल माझीही एक तक्रार आहे, ती आप्पांना आवडेल. त्यातला भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर २००४ साली कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला, तेव्हा तो खेड्यातून मुंबईला शिकायला आलेला गरीब मुलगा होता, अंगात स्पायडर-मॅनचा सदरा आणि खाली धोतर. धोतर थोडं हास्यास्पद होतं, कबूल. पण त्या पोराला शहरात चुकल्यासारखं वाटायचं, ते आमच्या ओळखीचं होतं. सिनेमात 'मुंबत्तन' नावाचं मुंबई आणि मॅनहॅटन जोडून केलेलं शहर आहे, आणि पवित्र तिथला लाडका, केस जागेवर असलेला, 'चाय टी' म्हणणाऱ्या पाहुण्याला 'चहा चहा काय म्हणतोस' असं झापणारा. मजा येते. पण खेड्यातला पोरगा मधल्या एकोणीस वर्षांत कुठे गेला? त्याचं समांतर विश्व कुणी बुडवलं? असं झालं की मी आप्पांच्या बाजूने उभा राहतो: दुसरं जग दाखवता, मग त्या जगात आमचं पोर का नाही?

पण त्याचा इलाज मोबाइल हिसकावणं हा नाही. मालेगावचा इलाज बघा, आपल्या शेजारचा. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट २००८चा. त्यात दिसतं, नासिर शेख आणि मित्रांनी सुपरमॅनचा सिनेमा स्वतःच काढला. त्यांचा सुपरमॅन शफिक यंत्रमागावर काम करणारा, काडीसारखा. अमेरिकेच्या सुपरमॅनला त्यांनी नाकारलं नाही आणि त्याच्यापुढे मानही तुकवली नाही. विचारलं एवढंच की तो मालेगावात पडला असता तर? समांतर विश्वाची याहून सरळ व्याख्या मला माहीत नाही.

आमच्या धडगावच्या अंगाला अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीत तिथे यात्रा भरते, लोक रात्रभर चालत चढतात. भक्तांच्या समजुतीने अश्वत्थामा अजून त्या रानात फिरतो, कपाळाची जखम वाहती, तिच्यासाठी तेल मागत. मरण नाकारलेला, म्हणून सुटका नसलेला योद्धा. लॉर्ड्सच्या सुपरमॅनच्या बाजूला याला उभं करून कुणी एक भाग लिहावा, भिलीत नाहीतर पावरीत, नाहीतर आप्पांच्या अहिराणीत. चित्रं काढणारी पोरं जिल्ह्यात आहेत. मी भाच्याला विचारलं तर तो म्हणाला, "मामा, तेल कोण देणार तेवढं सांग, बाकी मी लिहितो."

तेव्हा आप्पा, माझं उत्तर संपलं, पण वाद लेखी मिटणारा नाही. येत्या रविवारी भुसावळकडून येणारी पॅसेंजर धरून नवापूरला जाऊ. त्या बाकावर बसू. तुम्ही ज्या बाजूला म्हणाल त्या बाजूला मी बसतो. भाचा मोबाइल घेऊन येईल, भाग पहिल्यापासून लावू, दोन्ही तुकडे, मधे उठायचं नाही. परतीची तिकिटं मी काढतो. खिडकी आपल्या बाजूला आहे.